एका रकान्यात दोन गावं

गुलबर्ग्याला जायचं होतं. बास. त्या साली माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. दुकानात गूळ तोलताना गुलबर्गा, तेरणेवर आंघोळीला गेलं तरी गुलबर्गा, जेवताना भाकरी हातात तशीच आन् मी भिंतीकडं बघत बसलेला. आई, म्हंजी आमची अव्वा, म्हणायची, "ह्या पोराला कुणी काय चारलं का काय!" चारलं कुणी न्हाय. एक कागद आला होता.

कागद उर्दूत. वर मुहर, खाली मुहर, मधी बारीक अक्षर. आमच्या तेरच्या शाळंत ड्रिल मास्तर होते, हैद्राबादकडचे, फौजेतून आलेले, मिशीला रोज तेल. त्यांनीच आमाला फुटबॉल शिकवला. लढाईचे दिवस, बॉलचं रबरी ब्लॅडर कुठं मिळंना, तर सायकलवाल्याकडून ठिगळं मारून मारून आमच्या ब्लॅडरची पार गोधडी झाली होती. पर चालत होतं. मास्तर कागद घेऊन वर्गात आले, फळ्यापुढं उभे राहिले आन् खडूनं खाली बारीक बारीक रेघा काढाया लागले. झाडाच्या मुळ्या असतात ना, तशा.

"ये गाँव," म्हणले. मुळ्या वर एका जाड रेघंला मिळाल्या. "ये तालुका. ये जिल्हा. ये सुबा. और ये..." अगदी वर, हात पुरंना म्हणून टाचा उचलून, एक मोठ्ठा गोळा काढला. "हैद्राबाद!"

आता हे नीट सांगतो, कारण सगळी भानगड ह्यातच हाय. गावोगावच्या शाळा आपसात खेळणार. त्यात जिंकंल ती टीम तालुक्याची. तालुक्या-तालुक्याच्या टीमा धाराशिवात येणार. कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. तिथं जिंकंल ती जिल्ह्याची. आमचा जिल्हा गुलबर्ग्याच्या सुब्यात, म्हणून जिल्ह्याची टीम गुलबर्ग्याला जाणार, तिथं बीदरवाले, रायचूरवाले, गुलबर्गेवाले. त्यात जिंकंल ती सुब्याची. असे चार सुबे, चार टीमा, आन् मंग त्या गोळ्यात, हैद्राबादला.

माझ्या तर अंगावर काटाच आला. म्हंजी बघा, आमचा ओढा तेरणेला मिळतो, तेरणा मांजरेला, मांजरा गोदावरीला. तसंच की हे! नदीच्या वाळूत म्या अडवलेला बॉल आन् हैद्राबादचं मैदान, दोनी एकाच रेघंवर!

"हैद्राबादच्या पुढं काय, मास्तरसाब?" म्या इचारलं.

"आगे दिल्ली है, कलकत्ता है. उधर भी खेलते. मगर वो अंग्रेज का मुलुख. अपना झाड इधरिच खतम."

हे मला लई दिवस पुरलं. बार्शी आमच्या जवळ, सकाळी गाडीत बसलं की बाजार करून माघारी येता येतं, पर बार्शी त्या झाडावर न्हाय. ती इंग्रजात. गुलबर्गा कुठल्या कुठं, पर झाडावर. झाड काय माती बघून वाढलं नव्हतं. सरहद्दीवरचे नाके बघून वाढलं होतं.

तर गुलबर्गा. तिथं माझा मामा, अव्वाचं माहेर तिकडचंच, ती चिडली की कानडीत चिडायची. पर मामासाठी मला जायचं नव्हतं. मास्तर म्हणले होते की सुब्याच्या मॅची हैद्राबादचे लोक बघाया येतात, आन् चांगल्या पोराला तिथल्या मोठ्या शाळंत, बोर्डिंगात जागा देतात. आमच्या शाळंत सातवीच्या पुढं वर्ग नव्हता. माझं तेच शेवटचं साल. पुढं काय, ते ठरलेलं होतं: माझे वडील आप्पा, त्यांच्या शेजारी गादीवर, तागडी हातात. म्या आप्पांच्या मागं भुणभुण लावली, लावली, लावली, तवा एकदाचे म्हणले, "गुलबर्ग्याला निवडलं तुला, तर जा हैद्राबादला, शिक. न्हाय निवडलं तर दिवाळीनंतर दुकान. आन् मंग फुटबॉलचं नाव काढायचं न्हाय."

"शप्पत?"

"मी वाणी हाय. आमी शप्पत खात न्हाय, बोलतो ते देतो."

झालं. आता मधी काय होतं? फक्त तालुका आन् जिल्हा. आन् तालुक्यात खरी टीम दुसरी एकच, बेंबळीची. मी गोलकीपर. माझ्याकडनं तर बॉल जातच न्हाय असं माझं मत होतं.

पहिली मॅच बेंबळीत ठेवली. त्यांच्या जत्रेत जिथं कुस्त्या होतात त्याच रानात. आमी दोन बैलगाड्या करून गेलो. बेंबळीकरांनी आधी जेवू घातलं, वांग्याची भाजी, भाकरी, वर गुळाचा सांजा, एवढं की पळवंना. सगळं गाव कडंनं बसलं. हलगी पण होती! पहिल्या हाफात त्यांनी गोल केला, दुसऱ्यात आमी फेडला. एकास एक. आता खरी मजा, असं म्हणत मी तळहातावर थुंकून हात चोळाया लागलो, तर बेंबळीचे वस्ताद उठले. तालमीचे वस्ताद, जत्रंतल्या कुस्त्यांचे पंच, पागोटं गाडीच्या चाकाएवढं. ते सरळ मैदानात चालत आले, पायापाशी आलेला बॉल भोपळ्यागत उचलला, काखंत मारला, दोनी कॅप्टनांचे हात धरून वर केले आन् वरडले,

"जोड तोलामोलाची! बरोबरीत सोडली!"

हलगी कडाडली. गुलाल. दोनी कॅप्टनांना एकेक नारळ. मास्तर शिट्टी वाजवतायत, वाजवतायत, गाल लाल झालेत, कोण ऐकतंय!

"वस्ताद, अभी टाइम बाकी है!"

"टायमाचं काय लोणचं घालायचं, मास्तर? पोरं तुल्यबळ हायत, डोळ्यानं दिसतंय. आता उगं कुणाची पाठ कशाला लावायची?"

कुस्तीची रीतच तशी. जोड बराच वेळ सारखी झुंजली, कुणी कुणाला ऐकंना, तर पंच मधी पडून सोडवतात. दोघांनाबी मान, दोघांनाबी नारळ. कुणी रडत घरी जात न्हाय. पर मास्तरांनी गाडीत बसल्यावर मला कागद दाखवला. खाली एक रकाना होता, बोटभर लांब. कामयाब टीम. तिथं एक नाव लिहायचं. नाव न्हाय आलं तर आमच्या तालुक्याची जागा दुसऱ्याला.

"एकच नाव?"

"एकिच."

म्या कागद उलटून बघितला, मागं कोराच होता.

दुसरी मॅच तेरला. आता आपलं रान, आपली माणसं. म्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं, मधी कुणी यायचं न्हाय! सगळे व्हय व्हय म्हणले. आमी दोन गोल केले, त्यांनी एक. मी उड्या मारतोय, आता फक्त थोडा वेळ, फक्त थोडा. तेवढ्यात त्यांच्या एकानं लांबून एक मारला, माझ्या बोटांना लागून आत. दोनास दोन. मी बॉल आणाया मागं वळलो, बॉल घेऊन पुढं बघतो तर मैदानाच्या मधी कोण? आप्पा! माझेच आप्पा, धोतराचा सोगा एका हातात, दुकानातले दोन नारळ दुसऱ्या हातात.

"आप्पा, थांबा! आप्पा!"

थांबतायत कुठले. हात वर केले दोघांचे. बरोबरी.

त्या दिवशी घरी मी भांडलो. आप्पांशी कवा तोंड वर करून बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो.

"आप्पा, ही काय कुस्ती हाय का?"

"मंग काय हाय?"

"फुटबॉल हाय!"

"दोन गडी, एक डाव, बगाया गाव. कुस्तीच झाली की."

"आमी जिंकलो असतो!"

"त्यांनी त्यांच्या रानात आपला मान राखला. आपल्या रानात, आपल्या घरी जेवल्याल्या पोरांना हरवून लावून द्यायचं? कुठली रीत ही?"

"मंग मी गुलबर्ग्याला कसा जाऊ? तुमीच म्हणला होता ना?"

आप्पांनी ताटात हात धुतला. पाट सरकवला, उठले. मंग म्हणले, "तुझ्यासाठी गावची रीत मोडू व्हय?"

अव्वा चुलीपासनं कानडीत काहीतरी बोलली. आमच्या दोघांपैकी कुणाला, ते कळलं न्हाय.

मला झोप न्हाय, अन्न न्हाय. कागद जुम्म्याच्या सुट्टीच्या आत धाराशिवात पोचायला पाहिजे होता. तिसरी मॅच घेतली तरी तिसरे नारळ येणार, हे आता मास्तरांनाबी कळलं. शेवटी त्यांनी काय केलं, तर आप्पांना आन् वस्तादांना दोघांना धरून धाराशिवला तालीमच्या, म्हंजी शाळाखात्याच्या, कचेरीत नेलं. म्हणले, तुमच्या गावाचं नाव खोडा म्हणून तुमच्यापैकी एकानं सायबापुढं सांगा. पुढं काय झालं ते आप्पांनी नंतर दुकानात रंगवून रंगवून सांगितलं, रोज एकाला.

साहेब दौऱ्यावर. एक कारकून बसलेला, पानाचा तोबरा भरून. "कौनसा गाँव?" आप्पा म्हणले, "लिवा बेंबळी." वस्ताद म्हणले, "ए शेट, काय बोलता? लिवा तेर." आप्पा म्हणले, न्हाय न्हाय, आधी त्यांनी मान दिला, बेंबळी. वस्ताद म्हणले, पावणं तुमी, तेर. अर्धा घंटा! मास्तर कपाळाला हात लावून बाकड्यावर. कारकुनाला पान थुंकायला जायचं होतं आन् हे दोघं वाटंत उभे. त्यानं वैतागून बोटभर रकान्यात दोनी नावं कोंबली आन् वर धाडकन मुहर हाणली.

मास्तर संध्याकाळी तो कागद घेऊन आले. मला वाटलं आता शिव्या घालतील. तर ते हसत होते, मिशी हलत होती.

"मुहर लग गई, मियाँ. अब तुम लोगां एकिच गाँव."

एकच गाव! म्हंजी टीम एक, पोरं अकरा. आन् पोरं होती बावीस.

वाटणी दोनी गावच्या जाणत्यांनी केली. पाच तेरचे, पाच बेंबळीचे. अकराव्यावर सगळे अडले, शेवटी एक पोरगा सापडला ज्याचं घर तेरला आन् आजोळ बेंबळीला. त्याचा बाप तर असा फुगला की बोलूच नका. पर खरी अडचण पुढंच. गोलकीपर एक लागतो. गोलकीपराची काय वाटणी करणार?

"आर्धा डाव तुमचा पोरगा, आर्धा आमचा," वस्ताद म्हणले. मास्तर म्हणले, बाहेरनं माणूस बदलता येत न्हाय. मंग स्वतःच थांबले, विचार केला, म्हणले, मगर मैदानातले दोघं आपसात जागा बदलू शकतात, शिट्टीवाल्याला सांगून. म्हंजी अकरात दोनी गोलकीपर घ्यायचे. पहिल्या हाफात मी गोलात आन् तो बॅकला. दुसऱ्या हाफात तो गोलात, मी बॅकला. सगळ्यांनी मान डोलावली. कशी छान वाटणी, कुणाचं मन दुखलं न्हाय. मलाबी तवा छानच वाटली.

तो म्हंजी बेंबळीचा गोलकीपर. शेतकऱ्याचा पोरगा, हात असे लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवंल. पहिल्याच दिवशी मला म्हणला, "काय रं वाण्या, बॉल तोलून घेतूस का मापून?"

"तू आधी हात गोळा कर, जमिनीला लागतायत."

"तुला गुलबर्ग्याला काय करायचंय? गूळ इकायचा?"

म्या बोर्डिंगचं सांगितलं. त्यानं बॉल काखंत मारला. मंग म्हणला, "मला मोठी रेल बगायचीय. बार्शीची ल्हान लाइन बगितली. त्यात काय, धावत जाऊन पकडावी. गुलबर्ग्याची म्हणं लांबूनच जमीन हालती."

दोस्ती झाली. पर सरावात लई घोळ. गोलात असलं की हात पाहिजे, बॅकला असलं की हात लावला तर गुन्हा, आन् गोलाच्या समोरच लावला तर पेनल्टी. आमच्या दोघांचे हात काही ऐकंनात. बॉल उंचावरनं आला की गेलेच वर. सगळी पोरं हसायची. मास्तरांनी मंग युक्ती काढली. शाळंच्या मागं चिंच होती, तिचे चिंचोके आणले, म्हणले, बॅकला असताना दोनी मुठीत चिंचोके धरायचे. मुठी मिटलेल्या राहतील, ध्यानात राहील. हाफ संपला की एकमेकाला द्यायचे. मास्तरांचा फौजेतला लोकरी स्वेटर गोलकीपरानं घालायचा. मंग मधल्या सुट्टीत आमचा देण्याघेण्याचा बाजार: स्वेटर इकडं, चिंचोके तिकडं.

आन् जमलं! धाराशिवात कचेरीमागच्या मैदानावर पहिली मॅच कळंबशी, आमी तीन गोलांनी जिंकलो. पहिल्या हाफात मी, दुसऱ्यात तो, मुठी घट्ट, काही बिघडलं न्हाय. लोक इचारायचे ही कुठली टीम, आमी म्हणायचो तेर-बेंबळी, ते म्हणायचे हे कुठं आलं, आमी म्हणायचो कागदावर आलं.

दुसऱ्या दिवशी भूमशी. जिंकंल तो गुलबर्ग्याला.

भूमची पोरं वाळकी, काटक, ऊन खाल्लेली. पळताना धापच लागंना त्यांना. शिट्टीवाला धाराशिवचा कुणी, आमच्या मास्तरांना कडंला बसवलं. आप्पा आन् वस्ताद शेजारी शेजारी, आप्पांच्या पिशवीत नारळ. मी बघितला होता. त्या नारळाकडं बघून मी मनात शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. आज मधी आलात तर याद राखा.

पहिला हाफ. मी गोलात. म्या काय एकेक बॉल काढले! एक पायानं, एक पोटानं, एक तर डोळे मिटूनच. कोण बघाया आलंय, हैद्राबादचं कुणी असंल का, म्हणून मी सारखा कडंला बघत होतो. आमचा एक गोल झाला. एकास शून्य. मधल्या सुट्टीत मला स्वेटर काढवंना. म्या त्याला म्हणलं, "मीच ऱ्हातो ना गोलात. जमतंय मला."

"आन् मी?"

"तू बॅकला चांगला खेळतोस."

त्यानं माझ्याकडं बघितलं. नुसता हात पुढं केला. म्या स्वेटर काढला, दिला. त्यानं खिशातनं चिंचोके काढून माझ्या हातात ठेवले.

दुसरा हाफ. भूमनं एक फेडला. एकास एक. थोडा वेळ राहिला. माझा जीव काही जागेवर न्हाय, इकडं पळ, तिकडं पळ, वरड, मास्तर कडंनं "जगा पे! जगा पे रहो!" मुठीत चिंचोके घामानं निसरडे झालेले. भूमला कॉर्नर मिळाला. मी गोलासमोर उभा. त्यांच्या डावीकडच्या पोरानं बॉल मारला तो असा उंच, असा गोल, सगळ्यांच्या डोक्यावरनं सावकाश येणारा. असे बॉल म्या दोन वर्सं धरलेत. नदीच्या वाळूत शेकड्यानं धरलेत.

मी उडी घेतली. बॉल धरला. छातीशी, घट्ट.

काय झेल होता! आन् सांगू? एका श्वासापुरतं मला लई बरं वाटलं.

मंग कळलं की कुणीच काही बोलंना. खाली बघितलं. मातीत चिंचोके पडले होते, लांब लांब, पेरलेल्या बियांगत. वर बघितलं. स्वेटर दुसऱ्याच्या अंगात होता.

शिट्टी.

पेनल्टी.

मी तसाच उभा, बॉल धरून. शिट्टीवाल्यानं येऊन माझ्या हातातनं तो काढून घेतला, लेकराच्या हातातनं खेळणं घ्यावं तसा. आन् मंग म्या काय केलं, तर कडंला बघितलं. वस्तादांकडं. आप्पांकडं. आप्पांच्या पिशवीकडं. या की आता! एकास एक हाय, बरोबरी हाय, पोरं तुल्यबळ हायत, डोळ्यानं दिसतंय! या, हात वर करा आमचे, गुलाल उधळा, नारळ द्या, गावची रीत हाय ना तुमची? मग या!

आन् खरंच, वस्ताद उठले. आप्पांना काहीतरी म्हणले, आप्पांनी पिशवीतनं नारळ काढला. दोघं दोन पावलं पुढं आले. मास्तरांनी उठून वस्तादांचा दंड धरला.

"नक्को, वस्ताद. ये आपका आखाडा नहीं."

वस्ताद थांबले. आजूबाजूला बघितलं त्यांनी. सगळी परगावची पागोटी, कुणी ओळखीचं न्हाय. आप्पा नारळ हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिले, किती वेळ ते सांगता यायचं न्हाय. मंग त्यांनी तो परत पिशवीत ठेवला आन् खाली बसले.

भूमच्या पोरानं पेनल्टी मारली. आमच्यावाला बरोबर त्याच बाजूला झेपावला, त्या लांब हाताची बोटं बॉलला लागलीसुद्धा. बोटं लागली आन् बॉल आत गेला.

भूम गुलबर्ग्याला गेलं.

मॅच झाल्यावर मी मैदानाच्या कडंला लिंबाखाली बसलो, गुडघ्यात तोंड घालून. कुणी जवळ येईना. मंग तो आला, स्वेटर काढून खांद्यावर टाकलेला, शेजारी धप्पदिशी बसला.

"हात घरी ठिवून याचे व्हते का न्हाय, वाण्या."

म्या गुडघ्यातनं तोंड काढलं न्हाय.

"आता माझी मोठी रेल गेली ना."

म्या अंगठ्यानं माती उकरली.

"आन् तू गोल सोडना म्हणत व्हतास तवा म्या तुझं ऐकलं असतं तर?"

म्या मान वर केली. तो माझ्याकडं बघत नव्हता, चिंचोक्याएवढा एक खडा घेऊन मातीत रेघा मारत होता. जरा वेळानं म्हणला, "म्या तर पयल्याच हाफात टाकून दिलते. पाच मिंटात. मुठी मिटून पळवतच नव्हतं मला. मधल्या सुट्टीत तुला दिले ते नवे व्हते, खिशातले."

"मग तू का न्हाय धरलास?"

"माझ्याकडं तसला बॉल आलाच न्हाय," तो म्हणला.

आप्पांनी तिथंच दगडावर नारळ फोडला. आधी भूमच्या पोरांना दिला, त्यांच्या कॅप्टनच्या पाठीवर हात ठेवला, मंग आमाला. मला देताना म्हणले, "खा." गाडीत रस्ताभर रिकामी पिशवी मांडीवर धरून बसले. येडशीच्या पुढं कुठंतरी म्हणले, "ज्याचं रान, त्याची रीत." मला म्हणले का स्वतःला, कुणास ठाऊक. दिवाळीनंतर मी गादीवर बसलो. आप्पांनी बोलल्याप्रमाणं केलं. म्याबी फुटबॉलचं नाव काढलं न्हाय.

पुढच्या साली कागद आलाच न्हाय. मुलखात गडबड सुरू झाली, शाळा महिना-महिना बंद, मास्तर हैद्राबादला गेले ते माघारी आले न्हायत. आता निजामाचं राज्य गेलं. परवा दुकानात एक जण सांगत होता की नवं झाड काढणार हायत म्हणं, त्यात सुबे नसणार, बार्शी असणार, आन् वरचा गोळा हैद्राबादच्याबी वर, पार दिल्लीला. मी साखर बांधत होतो. दोऱ्याची गाठच बसंना.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी तो आला. बेंबळीचा. चार वर्सांनी. मिशी फुटलेली, हात अजून तेवढेच लांब. दुकानापुढं उभा राहून नारळ निवडत होता, एकेक कानाशी हलवून बघत. मी गिऱ्हाइकाला डाळ देत होतो, त्याला नीट बघितलंबी नव्हतं. तर एकदम वरडला,

"ए वाण्या!"

मान वर केली तर नारळ डोक्यावरनं येतोय, उंच, गोल, सावकाश. डाळ खाली सांडली. दोनी हात वर, नारळ छातीशी, घट्ट.

"पेनल्टी!" तो बोंबलला. सगळा बाजार बघाया लागला. आप्पा गादीवर हिशेब सोडून बघत होते. म्या काही विचार केला न्हाय, जेवढा जोर होता तेवढ्यानं नारळ परत त्याच्याकडं फेकला.

त्यानंबी दोनी हातांनी झेलला.